पहिल्या रविवारचा मिक्स

मंजिरीने हेडफोन उतरवून टेबलावर ठेवला आणि उजवा कान तळहाताने दाबून धरला. मिक्स संपायला अजून बराच अवकाश होता. पालथ्या पडलेल्या हेडफोनमधूनही ती झांज ऐकू येत होती, शेजारच्या खोलीत कोणी काच खरवडत बसावं तशी.

रघुवीर कारखानीस ग्लासगोहून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक मिक्स चढवायचे. जुनं डिस्को, फंक, बूगी. सगळं त्यांच्या स्वतःच्या तबकड्यांवरून, आणि एका गाण्याच्या शेपटीत दुसऱ्याचं डोकं असं बेमालूम गुंफलेलं, की सांधा शोधायला बसावं तर गाणं केव्हाच पुढे निघून गेलेलं असायचं. लंडनजवळच्या इल्फर्डचा साकेत त्यासाठी एक वेबसाइट चालवायचा. ऐकणारी मंडळी वीस-पंचवीस, देशभर विखुरलेली, बहुतेकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही. फाइल आधी उतरवून ठेवायची, बरोबर चार वाजता सगळ्यांनी प्ले दाबायचं, आणि ऐकता ऐकता खाली लिहीत जायचं, असा त्यांचा नेम. तो घालून दिला होता रघुवीरकाकांनीच. एकट्याने ऐकायला रेडिओ आहेच की, असं त्यांनी पहिल्याच दिवशी लिहिलं होतं.

त्या मार्चच्या रविवारी मात्र मंडळींचा सूर बिघडला होता. लीड्सच्या डेव्हने लिहिलं, त्याचं कुत्रं सोफ्याखाली जाऊन बसलंय. दुसऱ्या एकाने अर्ध्यात बंद केल्याचं कळवलं.

मंजिरीने फेब्रुवारीचा मिक्स लावला. मग जानेवारीचा. मग मागे मागे जात थेट ऑक्टोबरचा. ऑक्टोबरात झांज आपल्या जागी होती. त्यानंतर दर महिन्याला ती थोडी वर चढत गेली होती. फक्त झांज नव्हे, वरच्या पट्टीतलं सगळंच.

नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात मंजिरी दिवसभर हेच काम करायची. लोकांच्या कानांना यंत्र लावायचं, बारीक आवाज सोडायचे, आणि कुठला आवाज कानापर्यंत पोचत नाही ते टिपायचं. कान जायला लागले की आधी वरचे आवाज जातात, आणि जे कमी ऐकू येतं ते माणूस नकळत वाढवून घेतो. काकांचे कान चालले होते. त्यांना स्वतःला ते ठाऊक नव्हतं, आणि पंचवीस अनोळखी माणसांना मात्र आयतं कळत होतं.

तिने साकेतला फोन लावला. तो मूळचा पुण्याचा, दोन वर्षांपूर्वी वर्क व्हिसावर आलेला, बोलायला फटकळ.

"पब्लिक वैतागलंय," तो म्हणाला. "दोघांनी मला सरळ मेल टाकलीय. पुढच्या महिन्यापासून हा रविवार दुसऱ्या कोणाला तरी दे म्हणून."

"त्यांना ऐकू येत नाहीये, साकेत. हाय फ्रीक्वेन्सी जातेय त्यांची."

"मग मी चढवताना ट्रेबल कमी करतो ना. पाच मिनिटांचं काम आहे. त्यांना कळणार पण नाही."

"नको. असं दुसऱ्याच्या कामाला न विचारता हात नाही लावायचा."

"मग तू सांग त्यांना. सोनारानेच कान टोचलेले बरे. आणि लवकर सांग, मी फार दिवस नाही थोपवू शकत यांना."

सांगायचं म्हणजे काय सांगायचं? अशा बातम्या तिने शेकडो लोकांना दिल्या होत्या. पण गाण्यात ड्रमच्या खाली बेस कुठे लपलेला असतो, तो कसा शोधायचा, हे तिला या माणसाने शिकवलं होतं, न भेटता, न कंटाळता, पत्रासारख्या लांबलचक मेल लिहून. "मुली, घाई करू नकोस, पुन्हा ऐक," असं त्यात दर दोन ओळींनी असायचं. त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं की आता तुम्हालाच ऐकू येत नाही?

ग्लासगोला कोर्स आहे, एप्रिलच्या पहिल्या रविवारी चहाला येऊ का, असं तिने लिहिलं. कोर्स वगैरे काही नव्हता. बॅगेत कान तपासायचं छोटं यंत्र मात्र होतं.

काका दारातच उभे होते. उंच, किंचित वाकलेले, अंगात जाड स्वेटर. ते तिला सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेले आणि तिच्याकडे पाठ करून चहा गाळू लागले. मंजिरीने संधी साधली. तोंडापुढे हात धरून ती अगदी हळू म्हणाली, "साखर अर्धाच चमचा."

काकांनी अर्धा चमचा साखर घातली.

"दूध पण कमी," ती आणखी हळू म्हणाली.

"कमीच घातलंय." मग मान तिरकी करून ते म्हणाले, "तुझा फोन थरथरतोय बहुतेक. बाहेर, बॅगेत."

तिला स्वतःला काहीच ऐकू आलं नव्हतं. बाहेरच्या खोलीत जाऊन तिने पाहिलं तर खरंच, आईचा फोन येऊन गेला होता. यंत्राच्या डबीला तिचा हात लागला, तो तिने तसाच मागे घेतला.

"चार वाजत आले," काका आतून म्हणाले. "चल, अरुणा वाट बघत असेल."

बैठकीच्या खोलीत दोन मोठे स्पीकर होते आणि त्यांच्या समोर, बरोबर मधोमध, एक खुर्ची. खुर्चीत अरुणाकाकू पांघरूण घेऊन बसल्या होत्या. डोक्याला घट्ट बांधलेला निळा रुमाल, भुवया जवळजवळ नाहीतच. मंजिरी आत येऊन "नमस्कार काकू" म्हणाली, तरी त्या खिडकीबाहेरच पाहत राहिल्या. काकांनी खांद्याला हात लावला तेव्हा वळल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ही का मंजिरी?" त्या गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाल्या. "अहो, हिला चहा दिलात का?"

मंजिरीला सगळं एका क्षणात कळलं. कोणतं औषध चालू असेल, ते शिरेतून कसं देतात, आणि जीव वाचवायच्या खटपटीत ते कानांचं काय करतं, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. आपण कोणाचे कान तपासायला निघालो होतो, याची तिला मनापासून लाज वाटली.

चार वाजता काकांनी प्ले दाबलं. खोलीभर तो आवाज झाला आणि मंजिरीने दात आवळून धरले. झांज मार्चपेक्षाही वर गेली होती. काकूंचा हात मात्र पांघरुणाखालून बाहेर आला आणि दोन बोटं खुर्चीच्या दांड्यावर झांजेबरोबर नेमकी पडू लागली. डोळे मिटलेले, हनुवटी किंचित वर. कधीकाळी या बाईने रात्र रात्र नाचून जोडे झिजवले असतील, हे त्या दोन बोटांवरून कोणालाही कळलं असतं.

काका कॉम्प्युटरपाशी बसून लोक काय लिहितात ते मोठ्याने वाचून दाखवत होते. मंजिरी त्यांच्या मागे उभी होती. पडद्यावर लिहिलं होतं, कोणीतरी याला आवरा रे.

"लीड्सचा डेव्ह म्हणतोय, पाय जागेवर राहत नाहीयेत," काकांनी वाचलं.

"कुत्रं कसं आहे त्याचं?" काकूंनी विचारलं.

"मजेत. तेही नाचतंय म्हणे."

काकू हसल्या. मग मंजिरीचा हात धरून त्यांनी तिला जवळ ओढलं. "ती झांज ऐकू येतेय ना तुला? मागे, अगदी मागे. किती नाजूक वाजतेय बघ."

मंजिरीच्या कानात नुसत्या सुया टोचत होत्या. ती काकूंच्या कानाशी वाकली आणि शब्द सुटे सुटे करून म्हणाली, "हो काकू. फार नाजूक आहे."

निघताना काका तिला बसथांब्यापर्यंत सोडायला आले.

"काका, माझं चुकलं," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमचेच कान..."

"माहीत आहे. कोर्स कुठला, हे मी विचारलं का तुला?" ते म्हणाले. "ऑक्टोबरात औषध सुरू झालं. दिवाळीनंतरच्या मिक्सला ती म्हणाली, यात जान नाही हो. तिला झांज पोचतच नव्हती. मग पुढच्याला थोडी वाढवली. तेव्हापासून दर महिन्याला थोडी थोडी."

"काकूंना माहीत नाही?"

"बोलणं ऐकू येत नाही, एवढं माहीत आहे. पण गाणं येतं, म्हणते. माझे कान गाण्यापुरते शाबूत आहेत, असं सगळ्यांना सांगते." काकांनी स्वेटरची बाही खाली ओढली. "मंडळींना त्रास होतो. वाचतो ना मी सगळं."

"ॲक्च्युअली, तुम्ही दोन मिक्स करू शकता. काकूंना वेगळा, बाकीच्यांना वेगळा. कोणाला कळणार नाही."

"मला कळेल ना. रोज खाणं वेगळं, झोपायची खोली वेगळी, कपसुद्धा वेगळा. चार वाजता ती सगळ्यांबरोबर ऐकते, सगळे ऐकतात तेच. ते वेगळं काढून दिलं की तोही पथ्याचा डबा होतो." समोरून बस येताना दिसली. "मंडळींनी काढून टाकलं तर मात्र इलाज नाही. तेवढं जमलं तर बघ."

त्याच संध्याकाळी ट्रेनमधून तिने साकेतला फोन केला. काकांच्या कानांना काही झालेलं नाही, मिक्स असाच राहणार, आणि तो जसाच्या तसा चढवायचा, असं तिने सांगितलं. कारण विचारलं तेव्हा, ते माझं नाही सांगायचं, एवढंच म्हणाली. साकेत कुरकुरला, पण ऐकलं त्याने. मे महिन्यात मंडळींतले चारजण गळाले. जूनमध्ये डेव्हसुद्धा आला नाही. जो कोणी तक्रार लिहायला जाई त्याच्याआधी मंजिरीच चार ओळी लिहून टाकायची. बेसबद्दल, सांध्यांबद्दल, काकांना मोठ्याने वाचता येतील अशा. प्रत्येक वेळी मिक्स आदल्यापेक्षा कर्कश असायचा आणि ती तो शेवटपर्यंत ऐकायची. कर्कश आहे तोवर बरं आहे, असं तिला वाटायचं.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी तिने चार वाजता प्ले दाबलं आणि सवयीने मान आखडून घेतली.

काहीच टोचलं नाही. बेस आला, त्याच्यावर गिटार आली, आणि सगळ्यांच्या मागे, हळूच, झांज. ऑक्टोबरच्या आधी असायची तशी. काकांनी हा मिक्स स्वतःच्या कानांनी केला होता. दुसऱ्या कोणाचे कान त्यात नव्हते. अरुणाकाकू गेल्या होत्या.

पडद्यावर भराभर ओळी येत होत्या. म्हातारा परत आला. वर्षातला सगळ्यात उत्तम मिक्स. मंजिरी वाचत राहिली आणि तिला रडू आवरेना. तेवढ्यात साकेतचाच फोन आला.

"शेवटी बोललीस वाटतं तू. मानलं तुला. सगळे जाम खूश आहेत."

"मी काही नाही बोलले," ती म्हणाली. "नंतर करते तुला."

मिक्स शेवटपर्यंत ऐकून तिने ग्लासगोचा नंबर फिरवला. पहिल्या घंटेलाच फोन उचलला गेला.

"काका."

"ऐकलास?"

"ऐकला."

"मंगळवारी गेली. सकाळी," ते म्हणाले. आवाज स्थिर होता. "म्हटलं, रविवार चुकवू नये."

"हो."

"लोक बरं म्हणतायत. वाचलं मी. मोठ्याने नाही, मनातच." मग त्यांनी विचारलं, "तुला कसा वाटला?"

मंजिरीने डोळे पुसले. सांत्वनाची मराठी वाक्यं तिला नीट यायची नाहीत, आणि इंग्रजीतली तिला नको होती.

"झांज कमी पडली, काका," ती म्हणाली.

पलीकडे खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं.

"किती वाढवू?" त्यांनी विचारलं.