सुकन्याचं जुनं कार्ड

"मॅडम, जुनं क्रेडिट कार्ड बंद का केलंत तुम्ही?"

जामखेडच्या बँकेत कर्जाच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं. सुकन्याला प्रश्नाचा रोख कळला नाही.

"भाच्यानं नवीन काढून दिलं. कार्डांच्या एजन्सीत आहे तो. त्याला वर्षाची फी नाही म्हणाला. मग जुनं कशाला ठेवायचं?"

"तेच तर तुमचं सगळ्यात जुनं खातं होतं. इतकी वर्षं एकही बिल चुकलेलं नाही. ते बंद झालं. आता चालू कार्ड एकच, तेही याच वर्षातलं. त्याचं लिमिट पहिल्याच्या निम्मं, आणि ते जवळजवळ सगळं वापरलंय. शिवाय एकाच आठवड्यात चार बँकांनी तुमची चौकशी केलीय. तुमचा क्रेडिट स्कोअर पडला तो त्यामुळे."

"चार? मी एकाच बँकेचा अर्ज केला होता."

"अर्ज चार गेलेत, मॅडम." मुलगी जरा नरमली. "सहा-आठ महिने वेळेवर भरा, कार्ड कमी वापरा. स्कोअर सुधारेल. मग या."

सुकन्या बाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते. खर्ड्याच्या आरोग्य केंद्रात ती नर्स होती. एका सकाळी ती भाजलेल्या बाईची पट्टी बदलत असताना ओंकारचे फोनवर फोन येत होते. "आत्या, आत्ता आलेला ओटीपी सांग. पटकन." दर वेळी तो म्हणे, "रेंज न्हाई, मागचा गेला न्हाई." तिने खांद्याने फोन कानाशी दाबून सगळे आकडे वाचून दाखवले होते. सख्ख्या भावाचा पोरगा. शंका कशाला घ्यायची?

आता तिचं घर जाणार होतं. दोनच खोल्या आणि मोरी; पण नवऱ्याचं घर सोडल्यानंतर ती तिथेच भाड्याने राहत होती. घरमालक गहिनीनाथ काका त्या खोल्या विकून पुण्याला मुलाकडे निघाले होते. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं असताना त्यांनी तिला सांगितलं होतं, "आदी तुला इचारतो, पोरी. दसऱ्यापातूर कर्जाचं बघ." दसरा तोंडावर आला होता. सहा महिने कोण थांबणार?

ती खर्ड्याला परतली नाही. थेट मिरजगावची एसटी धरली.

भावाच्या घरी ओंकार मोबाईल घेऊन कॉटवर लोळला होता. सुकन्याची आई, भागिरथीबाई, कोपऱ्यात शेंगा फोडत होती.

"किती बँकांना माझं नाव दिलंस?" उंबऱ्यातूनच सुकन्याने विचारलं.

ओंकार उठून बसला. "आत्या, एका ठिकानी न्हाई झालं तर दुसरीकडं व्हावं म्हनून..."

"खरं बोल."

"दर अर्जामागं इन्सेन्टिव्ह मिळतो. महिनाअखेर हुती. टार्गेट भरत नव्हतं."

"आणि जुनं बंद करायला कशापायी लावलंस?"

"जुनं ऱ्हायलं असतं तर तू नवं वापरलंच नसतं. कार्ड वापरात आल्याशिवाय आमाला काय मिळत न्हाई."

तिचा भाऊ रंभाजी आतून आला. "अगं, पोरगं हाय. घरातल्या घरात एवढं काय लावलंयस? आन् एकट्या बाईला घर कशाला पायजे? हितं हायेच की."

"हितं?" सुकन्याचा आवाज इतका चढला की शेजारीण दारात आली. "सासर सोडून आले तवा ह्याच घरातून तू मला महिनाभरात वाटंला लावलंस, दादा. आईच्या ऑपरेशनला म्हणालास, तुज्याकडं कार्ड हाय, तू भर. भरलं. त्यानंच नव्या कार्डाचं लिमिट संपलं. एक रुपया दिलास? माझ्या नावावर एक गोष्ट हुती, माझी पत. एकच. तीबी तुझ्या पोरानं टार्गेटला घातली!"

"हळू बोल, लोक ऐकत्यात."

"बोलू दे तिला," भागिरथीबाई म्हणाली. शेंगांचं सूप तिने बाजूला सारलं होतं. "मी ऐकतीय."

रंभाजीने मान फिरवली. सुकन्याने ओंकारकडे बोट केलं. "उठ. गाडी काढ. काकांना तू सांगायचं."

दोघं खर्ड्याला पोचली. गहिनीनाथ काकांसमोर ओंकारने खाली मान घालून सगळं सांगितलं. काकांनी दाढी खाजवली.

"मी थांबलो असतो, पोरी. पन माज्या पोराला तिकडं नड हाय. त्यो खताचा दुकानवाला रोख द्याया तयार हाय."

"तुमचा राग न्हाई, काका," ती म्हणाली.

बाहेर ओंकारने गाडीला किल्ली लावली. "आत्या, चुकलं माजं."

"चुकलं न्हाई. केलंस तू. आता दुसऱ्या कुणाला ओटीपी मागशील, तवा आदी सांग कशाला पायजे ते."

तिने त्याला चहाला थांब म्हटलं नाही. असं कधी झालं नव्हतं. तो गेल्यावर तिने आत जाऊन दार लावलं.

दसरा झाल्यावर खताच्या दुकानाचा मालक बायकोला घेऊन खोल्या बघायला आला. मधली भिंत पाडून एकच मोठी खोली करायची, असं बायकोचं चाललं होतं. त्याने खिशातून टेप काढला आणि इकडेतिकडे पाहिलं.

"ताई, तेवढं टोक धरता का?"

सुकन्याने टोक घेतलं आणि भिंतीच्या कोपऱ्यात अंगठ्याने दाबलं. टेप तिच्या चुलीवरून, कॉटवरून, खुंटीवरच्या पांढऱ्या कोटाखालून समोरच्या भिंतीपर्यंत गेला.

"ढिला पडतोय. जरा घट्ट धरा."

"धरलाय," ती म्हणाली. "तुमी तिकडून ओढा."