बसण्याचा दिवस

सासूबाईंना घरात कुणी बसलेलं बघवत नसे. सून जरा टेकली की त्यांना लगेच पाणी हवं व्हायचं. याच बाईने तरुणपणी बसण्यासाठी संप केला होता, यावर सुनेचा कधी विश्वासच बसायचा नाही.

पण ते खरं होतं. औषधाच्या बाटल्यांच्या कारखान्यात तेव्हा बायका सरकत्या पट्ट्यावरून येणाऱ्या बाटल्या दिवसभर उभ्याने तपासायच्या. पाय सुजून चपलेत मावेनात, तेव्हा एका सकाळी सासूबाई चालू पट्ट्यासमोर फरशीवरच बसल्या. त्यांच्यामागोमाग सगळ्या बसल्या. मालकाने पोलीस आणले, पगार कापले, पण शेवटी स्टुलं आली. तेव्हापासून बायका दरवर्षी तो दिवस 'बसण्याचा दिवस' म्हणून पाळत. आता त्याच पट्ट्यावर सून होती.

यंदा कंपनीनेच तो साजरा करायचं मनावर घेतलं. पट्ट्यासमोर मंच उभारला, सासूबाईंना सत्काराला बोलावलं, आणि पाहुण्यांना खुर्च्या कमी पडल्या म्हणून बायकांचीच स्टुलं उचलून नेली. अकलेचे कांदे! वर सुपरवायझरने सांगून टाकलं, की उभ्याने हात भराभर चालतात, तेव्हा कार्यक्रम आटोपला की स्टुलं थेट गोदामात जातील. सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नोकरी जाईल म्हणून तीही बाकीच्या बायकांबरोबर भिंतीशी जाऊन उभी राहिली.

मॅनेजरने सासूबाईंना गुबगुबीत खुर्ची दिली. त्या बसेनात. काठीवर भार देऊन, भिंतीशी उभ्या असलेल्या बायकांकडे बघत राहिल्या. यांची स्टुलं कुठायत, असं त्यांनी विचारलं. मॅनेजर हसून म्हणाला, आज तुमचा मान, बाकीचं नंतर बघू. तरी त्या उभ्याच. गुडघे लटलटत होते.

रोज तेल चोळताना सून ज्या गुडघ्यांना मनातल्या मनात शिव्या घालायची, तेच ते गुडघे. आज तिला ते बघवेनात. ती सरळ पहिल्या रांगेतल्या कोटवाल्या पाहुण्यापाशी गेली.

"साहेब, जरा उठता का? हे स्टूल माझं आहे."

पाहुणा गोंधळून उठला. तिने स्टूल उचललं, पट्ट्यासमोर आपल्या जागी ठेवलं आणि बसली. मागोमाग बाकीच्या बायकाही पाहुण्यांना उठवू लागल्या. सुपरवायझर धावत आला.

"ठेव ते परत, नाहीतर उद्यापासून घरी बसवीन तुला."

सुनेच्या तोंडचं पाणी पळालं, पण ती उठली नाही. उत्तर मंचावरून आलं.

"घरी मी तिला बसू देत नाही," सासूबाई म्हणाल्या. "ती इथंच बसणार."

कारखानाभर हशा पिकला. सुपरवायझर मॅनेजरकडे बघत राहिला आणि मॅनेजर छताकडे. शेवटच्या बाईने आपलं स्टूल ओढून घेतलं, तेव्हा कुठे सासूबाई खुर्चीत टेकल्या. टेकल्या टेकल्या त्यांना पाणी हवं झालं. सून सवयीने उठायला लागली.

"तू बस," त्या म्हणाल्या, आणि सुपरवायझरकडे बघितलं.