पिवळा जाईपर्यंत

"आता काय दिसतंय?"

"पिवळं."

"कसलं पिवळं?"

"लोण्यासारखं. नाही, थांबा. सुकलेल्या पेंढ्यासारखं."

"नक्की?"

"अहो, बावीस वर्षं दोऱ्यांच्या दुकानात उभी आहे मी. मला पिवळं शिकवू नका."

आमचे हे सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी काढून पुन्हा घासायला लागले. रविवार होता, कॉलेजला सुट्टी, म्हणून मला प्रयोगशाळेत आणता आलं. एरवी एकतीस वर्षांत मी ह्या खोलीचा उंबरा फक्त डबा पोचवायला पाहिलेला.

आमच्या ह्यांचं काम म्हणजे दगडाच्या चकत्या काढायच्या. दगड करवतीने कापायचा, काचपट्टीवर चिकटवायचा, मग जाड काचेवर पूड आणि पाणी टाकून तो घासत घासत केसाच्या निम्म्याहून पातळ करायचा. तेवढा झाला की त्याच्यातून उजेड आरपार जातो आणि पोटातलं सगळं दिसतं. मुलं ह्यांना चकतीकाका म्हणतात. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या आत्याने विचारलं होतं, "मुलगा दगड घासतो ते ठीक, पण नोकरी काय करतो?"

जाडी ओळखायची रंगावरून. दगडातले वाळूचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पिवळे दिसले तर चकती अजून जाड आहे. करडे झाले की हात थांबवायचा. नाही थांबवला तर दगडच संपतो. आणि ह्यांना गेल्या वर्षापासून पिवळा काय नि करडा काय, एकच दिसायला लागलं होतं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, पडद्याचा आजार, चष्म्याने भागणार नाही. हे घरात मला ठाऊक, कॉलेजात कुणालाच नाही. निवृत्तीला चार महिने राहिलेले.

मागच्या आठवड्यात ह्यांनी दगडांचं शास्त्र शिकवणाऱ्या मॅडमचा एक तुकडा घासून घासून नाहीसा केला. काच राहिली, दगड गेला. मॅडमनी विचारलं तर म्हणाले, "चालू आहे." घरी येऊन ताटासमोर नुसते बसले.

"आता नखाएवढा एकच उरलाय गं. त्या खाणीत पाणी भरलंय, पुन्हा मिळायचा नाही."

"मग मॅडमना सांगून टाका."

"सांगणार. पण चकती हातात देऊन सांगणार. रिकाम्या हाताने नाही."

म्हणून मी इथे, एक डोळा मिटून.

"एवढं काय आहे हो ह्या दगडात?"

"चुनखडी आहे. शेजारून एकदा जमिनीच्या पोटातला वितळलेल्या दगडाचा रस वर घुसला. हा वितळला नाही हं, नुसता तापत राहिला, जागच्या जागी, आणि त्याचा संगमरवर झाला. ह्या तुकड्याचं एक टोक अजून चुनखडी आहे, दुसरं संगमरवर. मॅडमना मधलं बघायचंय."

"न वितळताच बदलला?"

"घट्टच राहिला. आतल्या आत कण नव्याने जुळतात."

"म्हणजे सासरी नांदल्यासारखं."

ह्यांचा हात थांबला. हसू दाबत म्हणाले, "मग तुझा झाला का संगमरवर?"

"मी अजून मधल्या भागात आहे. घासा तुम्ही."

तीन बोटांखाली काचपट्टी गोल फिरत राहिली. बोटं मात्र अजून पोरसवदा, कुठे थरथर नाही. पुन्हा पाहिलं. पेंढा फिकटलेला.

"दहा फेरे मारू?"

"सहा."

सहाच मारले. एकतीस वर्षांत माझं इतकं मुकाट्याने ऐकल्याचं आठवत नाही. पुन्हा पाहिलं.

"करडे झालेत. पण उजव्या कडेचा एक अजून सायीसारखा आहे."

"म्हणजे तिकडे जाड आहे." ह्यांनी त्या कडेवर बोट टेकलं. एक फेरा. दुसरा.

"बास!" मी एवढ्याने ओरडले की कपाटाची काच थरथरली. पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली गेली. मी पुन्हा एक डोळा मिटला.

"राख," मी म्हटलं. "सगळे राखेच्या रंगाचे."

सोमवारी मी दुकानात अर्धी रजा टाकली. मीही कॉलेजात येते म्हटलं, तर हे नको म्हणाले नाहीत. मॅडमच्या टेबलावर ह्यांनी चकती ठेवली आणि उभ्यानेच सांगितलं, "पहिला तुकडा मी घालवला, मॅडम. मला रंग दिसत नाहीत आता. ही चकती हिच्या डोळ्यांनी झालीय."

मॅडमनी एकदा ह्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग सूक्ष्मदर्शकावर वाकल्या त्या बराच वेळ वर आल्याच नाहीत.

"काका, बसा," त्या तशाच वाकून म्हणाल्या. "मी सांगते काय दिसतंय ते. डावीकडे शिंपले आहेत, त्यांच्या रेघासुद्धा शाबूत. मग कडा विरत गेल्यात. इथे एक अर्धाच उरलाय. आणि त्याच्यापुढे शिंपला नाहीच, नुसते कण, एकमेकांना इतके चिकटून की मध्ये सुई जायची नाही."

हे बसले नाहीत. हात मागे बांधून, डोळे मिटून ऐकत राहिले. त्यांचं सांगून झाल्यावर एवढंच विचारलं, "जाडी सगळीकडे सारखी आलीय ना?"

"सारखी आलीय, काका. अगदी कडेपर्यंत."

ह्यांनी मान हलवली. आपल्या खोलीत गेले, घासायची जाड काच नळाखाली धरून दोन्ही बाजूंनी धुतली, कोरडी पुसली आणि कपाटात उभी करून ठेवली.