प्लग काढून मोजलेला दाब

ताईच्या भावाला अख्खी गल्ली 'सगळंबंद' म्हणायची. वायरमनकीत चोवीस वर्षं घालवलेला माणूस, पण कुणाच्याही दारात पाऊल टाकलं की पहिले शब्द तेच: "आधी सगळं बंद करा!" सगळी यंत्रं बंद, सगळे प्लग बाहेर, मगच त्याचा मीटर पिशवीतून निघायचा. उमेदवारीच्या दिवसांत एका चालू यंत्रानं त्याला असं काही फेकलं होतं की तेव्हापासून हा नियम त्याच्या अंगात भिनला होता. नियम चांगलाच होता, त्याला कुणी नावं ठेवायचं कारण नाही. घोटाळा त्या नियमानंच केला, ही गोष्ट वेगळी.

ताईच्या परसातल्या खोलीत अंडी उबवायचं मशीन होतं. मशीन गल्लीतल्या नऊ घरांचं मिळून, अंडीही नऊ घरांची, आणि सांभाळायचं काम ताईचं. कुणाच्या अंड्यावर पेन्सिलीची फुली, कुणाच्या गोल, कुणाच्या शिडी. पहिल्या खेपेला एकशे चाळीस अंडी ठेवली आणि पिल्लं निघाली मोजून अकरा. कुणी भांडलं नाही. समोरच्या घरातली बाई तेवढी म्हणाली, "असतो एकेकीच्या हाताचा गुण, आपण काय करणार?" आणि पुढची खेपही फसली तर मशीन आपल्याकडे न्यायचं, हे तिनं बाकीच्यांशी ठरवूनही टाकलं. मशीन जाईल याचं ताईला वाईट वाटायचंच, पण त्याहून वाईट हे, की तिला स्वतःलाच आता आपल्या हातांची शंका यायला लागली होती. ती दिवसातून दहादा हात धुवायची.

दुसऱ्या खेपेच्या बाराव्या दिवशी तापमान छत्तीस पॉइंट चारवर आलं. हवं होतं साडेसदतीस. हीटर चालू असल्याचा लाल दिवा विझायचं नावच घेत नव्हता, तरी काटा वर सरकेना. ताईनं भावाला बोलावलं.

"आधी सगळं बंद!" असं म्हणतच तो आत आला, मशीनचा प्लग उपटला, सॉकेटच्या भोकांत मीटरच्या दोन सुया घातल्या आणि आकडा तिच्या नाकासमोर धरला. दोनशे एकतीस.

"बघ. फुल्ल व्होल्टेज. ताई, तू झाकण सारखं उघडत असशील."

"दोन दिवसांत हातसुद्धा लावला नाही मी झाकणाला!"

"मग मशीन म्हातारं झालं असेल. लाइनमध्ये काही नाही, माझा शब्द आहे." प्लग परत खोचून तो निघून गेला. मागच्या खेपेलाही त्यानं हेच केलं होतं आणि हेच सांगितलं होतं.

ताई तिथंच बसून राहिली. तिला वीज कळत नव्हती, पण डोळे होते. प्लग खोचला तेव्हा डोक्यावरचा बल्ब मंद झाला, हे तिनं पाहिलं होतं. तिनं प्लग काढला, बल्ब लख्ख. लावला, बल्ब पिवळा. असं तिनं चारदा केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भावाला पुन्हा फोन केला. तो आला तो कुरकुरतच.

"एक सांग," ती म्हणाली, "हे व्होल्टेज म्हणजे नेमकं काय?"

"दाब. पाण्याला जसा टाकीचा दाब असतो ना, तसा. तारेतून वाहतो तो करंट. आणि वाटेत जे अडवतं ते रेझिस्टन्स." लहान मुलाला समजवावं तसं तो सांगत होता. "समज, तुझ्या बागेच्या पाइपवर कुणी पाय ठेवला. पाणी कमी येईल की नाही?"

"येईल. पण पाइपाचं तोंड मी अंगठ्यानं घट्ट दाबून धरलं, तर?"

"तर पाणी वाहणारच नाही. अंगठ्याला पूर्ण दाब लागेल."

"पाय असला तरी?"

"असला तरी. वाहतच नाही म्हटल्यावर पाय कशाला अडव..." तो मध्येच थांबला.

"मग तू प्लग काढतोस, करंट थांबवतोस आणि मग दाब मोजतोस," ताई म्हणाली. "अंडी तर मशीन चालू असताना गार पडतायत."

चोवीस वर्षं वायरमनकी केलेल्या माणसाचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता. तो रागावेल असं ताईला वाटलं. पण शिलाई मशीनपाशी एक जास्तीच्या सॉकेटांचा बोर्ड होता, तो त्यानं मागवला, भिंतीत खोचला, त्याच्या एका सॉकेटात अंड्यांचं मशीन लावलं, चालू केलं, आणि शेजारच्यात हळूच सुया घातल्या.

एकशे एकोणनव्वद.

तो तसाच घरातल्या मुख्य बोर्डाकडे धावला. तिथं दोनशे एकतीस, मशीन चालू असतानाही. चिमट्याच्या मीटरनं करंट पाहिला, पावणेदोन अँपिअर. "बेचाळीस व्होल्ट वाटेतच खाल्ले जातायत," तो पुटपुटला. "भागिले पावणेदोन. तेवीस-चोवीस ओहम रेझिस्टन्स! चांगल्या तारेत एकसुद्धा नको. ताई, कुणीतरी पाय ठेवलाय."

घर आणि परसातली खोली यांच्यामध्ये तारेला एकच जोड होता, माळ्यावर. त्यानं मेन बंद केला, बॅटरी घेऊन वर चढला. ताईनं खालून हाक मारली.

"काय रे, काय आहे?"

"टेप वितळलीय. तुळई काळी पडलीय." मग अगदी बारीक आवाजात, "जोड माझाच आहे. तार कमी पडली होती, ॲल्युमिनियमला तांबं नुसतं पिळून टाकलं होतं. तुझ्या अंड्यांची ऊब ह्या लाकडाला मिळत होती, ताई. आणखी थोडे दिवस गेले असते तर घर पेटलं असतं."

खाली उतरून तो पायरीवर बसला. ताईनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. घर वाचलं म्हणून तिला हायसं वाटलं होतं, आणि त्याहून आत आपल्या हातांबद्दलची शंका सुटत होती, पण ते मानायची तिला अजून हिंमत होत नव्हती. अंड्यांचं काय झालंय कुणाला ठाऊक!

दुपारपर्यंत त्यानं सगळी तार नवी ओढली, एकसंध, मध्ये जोड नाही. मशीन चालू असताना दोनशे तीस. तासाभरात काटा साडेसदतीसला गेला आणि लाल दिवा विझला. दिवा विझल्याचा एवढा आनंद त्या घरात आजवर कुणाला झाला नव्हता.

एकविसावा दिवस कोरडा गेला. बाविसावाही. समोरची येऊन काचेतून डोकावली आणि मान हलवून गेली. भाऊ दिवसातून तीनदा काहीतरी निमित्त काढून यायचा. तेविसाव्या दिवशी सकाळी ताईनं शिडीची खूण असलेलं एक अंडं उचललं, कानाशी नेलं आणि मग भावाच्या कानाला लावलं. आत कुणीतरी चिवचिवत होतं. त्याचा जीव भांड्यात पडला. तो येड्यासारखा हसायला लागला.

गारठ्यानं त्यांना उशीर केला होता, एवढंच. संध्याकाळपर्यंत अठ्ठ्याण्णव पिल्लं निघाली.

दुसऱ्या दिवशी पिल्लं वाटायला भाऊ स्वतः निघाला, खोकं छातीशी धरून. प्रत्येक दारात तो आधी एकच गोष्ट सांगायचा. तिसऱ्या घरानंतर ताई म्हणाली, "पुरे आता, कळलं सगळ्यांना." त्यानं ऐकलं नाही. शेवटी समोरच्या घराच्या दारात उभा राहून तो मोठ्यानं म्हणाला, "मागची अंडी माझ्या जोडानं घालवली, वहिनी. हिच्या हातांनी नाही."

ताई त्याच्या मागं उभी होती. गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिला रडू आलं, आणि ते तिनं भर गल्लीत मनसोक्त येऊ दिलं.