आतली कडी

ब्लाऊज शिवणाऱ्या बाईने खुराडं बांधायच्या फंदात पडू नये, असं आमच्या योगिताचे बाबा म्हणाले, तेव्हाच मी ठरवलं की बांधायचंच. रविवारपर्यंत खुराडं झालं नाही तर माझ्या तिन्ही कोंबड्या त्यांच्या दोस्ताला, बन्सीलालला द्यायच्या, अशी त्यांची अट. बन्सीलाल कोंबड्या पाळत नाही, खातो.

पिसं फुटायच्या आधीपासून त्यांना मी शिलाई मशीनशेजारी खोक्यात वाढवलंय. देईन होय!

यांनी पलसाण्याच्या मिलमधून मोडक्या पेट्यांच्या फळ्या आणून टाकल्या, तेवढीच मदत. पुढचे चार दिवस सचिन गावातल्या आमच्या घरामागे मी आणि खिळे. अर्धे वाकले, दोन फळ्या चिरल्या, अंगठा काळानिळा झाला. हार्डवेअरवाला म्हणाला, "बेन, सुथार बोलावी लो ने." मी आणखी पाव किलो खिळे मागितले. चौकट कलली तर खाली वीट सारली. जाळी काही ठोकून बसेना, म्हणून तारेने टाके घालून शिवली. ते मात्र झकास जमलं.

रविवारी सकाळी कोंबड्यांसकट आत बसून मी दाराला कडी ठोकली. हे बाहेर चहा पीत उभे होते, ते हसतच सुटले आणि गावाकडच्या बोलीत म्हणाले,

"कडी मझार लायी. आते रोज कोंबडीच लावी का?"

खरंच की, कडी आतल्या बाजूला बसली होती. वीस वर्षं मी प्रत्येक ब्लाऊज उलट्या बाजूने शिवते आणि शेवटी सुलटा करते. हातांनी इथेही तेच केलं होतं, पण खुराडं काही सुलटं करता येत नाही. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

याला खुराडं म्हणत नाहीत, असं म्हणून यांनी हाक मारली. बन्सीलाल पिशवी घेऊन फाटकातच उभा होता. म्हणजे आधीच बोलावून ठेवला होता.

मी दार ओढलं, कडी सरकवली आणि मांडी घालून बसले.

"उघाड," हे म्हणाले.

"मन्या कोंबड्या मी देत नही."

बन्सीलालने दार ओढलं, गदागदा हलवलं, जाळीत बोटं घालून पाहिली. शेजारच्या पुष्पाबाई ओट्यावर येऊन बघत राहिल्या. एक खिळा हलला नाही.

"खुराडं पक्कं शे, भो," तो यांना म्हणाला.

"मंग झायं ना खुराडं?" मी आतून विचारलं.