सरळ उडणारं स्पिटफायर

लॉरेनने वेल्क्रोचा पट्टा आवळून नवऱ्याचा, आर्व्होचा, उजवा हात संगणकावरच्या खेळाच्या दांड्याला पक्का बांधला.

"घट्ट होतोय का?"

"होऊ दे. सुटायला नको."

तिने त्याच्या कानांवर हेडफोन बसवले आणि ती भांडी घासायला गेली. खिडकीबाहेर कॅनडातल्या थंडर बेची शनिवारची दुपार बर्फात गाडलेली होती. पडद्यावर मात्र फ्रान्सचं आभाळ निळंशार होतं, आणि त्यात आर्व्होचं मस्टँग हे लढाऊ विमान उंच चाललं होतं.

पानगळीत डॉक्टरांनी त्याच्या रोगाचं नाव सांगितलं होतं. स्नायू एकेक करून जाणार, हात आधी. तेव्हापासून आरागिरणीतले सोबती त्याच्याशी दबक्या आवाजात बोलू लागले, चर्चमध्ये लोक त्याच्यासाठी दार धरून उभे राहू लागले. भल्या माणसांचा हा भलेपणा त्याला नकोसा झाला होता. त्याला कुणी रोगी समजत नाही अशी एकच जागा उरली होती, ती म्हणजे खेळातली ही तिघांची तुकडी. इथे तो अजून शिव्या खाण्याच्या लायकीचा होता.

ओक्लाहोमाचा ड्वेन आणि तो कित्येक वर्षं जोडीने उडत आले होते, प्रत्यक्ष भेट मात्र एकदाही नाही. आधी दोघांचीही स्पिटफायर विमानं असायची. स्पिटफायर जागच्या जागी वळतं, पण त्यासाठी हात सतत पिळावा लागतो. म्हणून या हिवाळ्यात आर्व्होने मस्टँग घेतलं. ते वेगवान, पण वळायला जड. उंचावरून सुसाट यायचं, गोळ्या झाडायच्या, सरळ निघून जायचं. हाताला फारसं काम नाही. तुमच्या गिरक्यांचा कंटाळा आला, असं त्याने सांगितलं, आणि ड्वेनला व तुकडीतल्या तिसऱ्या मरिसोलला ते पटलं असं त्याला वाटलं.

ड्वेनचा नियम एकच होता. वेगवान विमानवाल्याने वळायचं नाही. वळलास की वेग गेला, वेग गेला की तू गेलास. मागे एकदा आर्व्हो मस्टँग घेऊन चुकून वळला, तेव्हा ड्वेनने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. त्या दिवशी आर्व्हो जेवतानाही हसत होता.

"म्हाताऱ्या, जागा आहेस ना?" मरिसोलचा आवाज आला. ही टेक्सासमध्ये शाळेची बस चालवायची.

"तुझ्यासारख्या दहा जणींना पुरून उरेन."

"माझ्या मागे एक लागलाय," ड्वेन म्हणाला. "आर्व्हो, ये."

आर्व्होने सूर मारला. खाली ड्वेनचं स्पिटफायर सरळ चाललं होतं आणि त्याच्या मागे शत्रूचं जर्मन मेसरश्मिटही तितकंच सरळ. नेम धरायला काहीच लागलं नाही. मेसरश्मिट पेटलं.

"छान मारलंस, आर्व्हो."

"छान काय छान!" मरिसोल ओरडली. "ड्वेन, तुला झालंय काय? स्पिटफायर घेऊन कुणी सरळ उडतं का? तो तुझी चाळण करत होता. गेल्या शनिवारीही हेच!"

"वळायचं राहून गेलं."

आर्व्होचा अंगठा थांबला. शत्रू शेपटीला लागल्यावर स्पिटफायरवाला वळायचा विसरत नाही. ड्वेन तर नाहीच नाही. तो मुद्दाम सरळ उडत होता, आर्व्होला नेम सोपा जावा म्हणून. आणि 'छान' हा शब्द ड्वेनच्या तोंडून त्याने कधी ऐकलाच नव्हता.

डाव्या हाताने त्याने माइक बंद केला, हेडफोन एका कानावरून सरकवला.

"लॉरेन! ड्वेनला तू सांगितलंस?"

ती ओल्या हातांनी दारात आली. "त्यानेच विचारलं. तुझं उडणं बदललंय म्हणाला. मला खोटं बोलवेना रे."

त्याने मान वळवली. राग येईल असं वाटलं होतं, पण तोही आला नाही.

त्याने माइक पुन्हा सुरू केला. समोरून आणखी एक मेसरश्मिट येऊन बाजूने निघून गेलं. आर्व्होने उजव्या हातावर डावा हात ठेवला आणि दोन्ही हातांनी दांडा पोटाशी ओढून मस्टँग वळवलं. वेग भराभर उतरला. विमान थरथरलं, जवळजवळ थांबलंच. शत्रूने निवांत येऊन ते उडवलं.

पडदा काळा झाला. आर्व्हो हेडफोन कानाशी दाबून शिव्यांची वाट पाहू लागला.

"अरे गाढवा!" मरिसोल कडाडली. "वळतोस काय? मस्टँग घेऊन वळतोस? डोकं कुठे गहाण—"

"मरिसोल," ड्वेन दबक्या आवाजात म्हणाला, "राहू दे. काही हरकत नाही, आर्व्हो."

मरिसोल थबकली. मग तीही जपून म्हणाली, "हो. होतं असं कधीकधी."