हिरो मंगळवारपासून पाण्यात

सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडा आणि दुपारी टीव्हीवर तो सिनेमा, हे आमच्याकडे कित्येक वर्षं ठरलेलं. सिनेमा दर वर्षी तोच. त्या दिवशी वालावलच्या आमच्या घरात जेवणं लवकर उरकतात, सासूबाई केसांत अबोलीची वेणी माळतात, ठेवणीतली साडी नेसतात आणि टीव्हीसमोर मधोमध खुर्ची घेऊन बसतात. मग तीन तास त्या कुणाची बायको नसतात, कुणाची आई नसतात, आणि म्हशीच्या तर कुणीच नसतात.

एरवी घर त्यांच्या नावाच्या हाकांवरच चालतं. "आनंदी, चाय." "आई, माझो टॉवेल खंय?" "आनंदीवयनी, वायच विरजण दी गो." कोंबडीसुद्धा अंडं घालण्याआधी त्यांनाच हाक मारते, असं मला कधीकधी वाटतं. पण सव्वीस जानेवारीच्या दुपारी हाक मारायची कुणाची छाती नव्हती. सिनेमा कुणासाठी थांबत नव्हता ना. हुकलं ते वर्षभरासाठी हुकलं. माझे सासरे, ज्यांना सगळी वाडी भाई म्हणते, तेसुद्धा जाहिरात लागेपर्यंत तहानलेले बसून राहायचे. जाहिरात लागली की सासूबाई वाऱ्यासारख्या उठायच्या. भाईंना पाणी, म्हशीला पेंड, अंगणातले कपडे आत, आणि साबणाची जाहिरात संपायच्या आत पुन्हा खुर्चीत.

लग्नानंतरच्या पहिल्या सव्वीस जानेवारीला मी मधेच चहा करायला उठले, तर टीव्हीवरची नजर न काढता त्यांनी माझा पदर धरला.

"खंय चललंस? बस. आता हत्तीण येतली."

सिनेमात एका नवरीपुढे दोन सारखे दिसणारे नवरे उभे राहतात. खऱ्याला खोट्याने पुलावरून ढकललेलं असतं, तो पोहत कसाबसा मांडवात पोचतो. मग खरा कुठला ते हत्तीण सोंडेत माळ घेऊन ठरवते. हत्तिणीने सोंड उचलली की दर वर्षी नेमकी तिथेच जाहिरात. त्या जाहिरातीत म्हशीला पेंड मिळत नाही. त्या जाहिरातीत सासूबाई हलत नाहीत. त्या वर्षी ती जाहिरात संपेपर्यंत त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता. या घरात मला कुणी 'बस' म्हटलं ते तेव्हा पहिल्यांदा.

यंदा माझा नवरा अजय बोटीवरून रजेवर आला तो भिंतभर टीव्ही आणि काडेपेटीएवढी डिस्क घेऊन. डिस्कमध्ये तो सिनेमा होता.

"आई, आता सिनेमा तुझो. सव्वीस जानेवारीची वाट बघूची नाय. मनात इला की लावूचो."

सासूबाईंनी काडेपेटी उलटीसुलटी करून बघितली. "हेच्यात हत्तीण पण आसा?"

"आख्खी."

"गुदमारत नाय मा ती?"

अजय हसला. समुद्रावर महिनोन्महिने राहून त्याने आईसाठी विचार करून आणलेली वस्तू होती ती, म्हणून मीही काही बोलले नाही. जुना टीव्ही कुडाळच्या दुकानात गेला. डिशचं रिचार्ज बंद झालं. कशाला हवं, सगळं काडेपेटीत आहे.

त्याच संध्याकाळी सिनेमा लावला. हिरो पुलावर आला आणि भाई म्हणाले, "आनंदी, वायच चाय ठेव."

"आता?"

"अगो, थांबवता येता तो. अजया, थांबव."

हिरो कठड्याला टेकून थांबला. चहा झाला. पुढे तो पाण्यात पडतोय तोच शेजारची सुगंधा विरजणाला आली. थांबवला. मग म्हैस ओरडली. मग आमच्या समर्थचं पोट दुखलं, तो अजून मांडीवरचा आहे. मग भाईंचा चष्मा सापडेना, आणि चष्मा कुठे असतो ते एकट्या सासूबाईंनाच ठाऊक. शेवटी भाई म्हणाले, "उद्या बघूया. आता खंय पळान जाता?"

तो मंगळवार होता.

बुधवारी हिरो पाण्यात होता. गुरुवारीही. नाकातोंडात पाणी, एक हात वर, भिंतभर. टीव्ही बंद केला तर सगळं पहिल्यापासून बघावं लागेल अशी भाईंना भीती, म्हणून बंद करायचा नाही. ओटीवर आलेलं माणूस आत डोकावून त्याला बघून जायचं. वाडीतल्या लवूला स्वतःच्या घरापेक्षा दुसऱ्याच्या घराची काळजी जास्त, तो रोज सकाळी दारातून विचारायचा,

"भायर इलो काय?"

"नाय रे," भाई सांगायचे. "आज कुळीथ झोडूचो आसा."

"मेल्यांनो, तेका निदान काठार तरी काढून ठेवा. थंडीचे दिवस."

सुगंधाला नवरीचं वाईट वाटत होतं. "तकडे ती मांडवात उभी. जेवणावळ सगळी खोळंबली असतली," ती म्हणायची आणि विरजण घेऊन जायची.

आमची चार वर्षांची अक्षया या गडबडीत 'पॉज' शिकली. आधी सिनेमाला, मग मांजराला, मग आजीला. "आजी, पॉज." सासूबाई केरसुणी हातात घेऊन वाकलेल्या तशाच थांबायच्या. "आजी, चालू." मग पुढे झाडायच्या. त्या हसायच्या, मीही हसायचे. दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं, थांबल्या असताना त्या डोळे मिटून घेतात. विश्रांती घेत होत्या त्या, वाकून.

शुक्रवारी हिरोला एकदाचा बाहेर काढला, पण तोवर खुर्ची रिकामी होती. सासूबाई डाव हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. "तुमी बघा. मी मागसून बघतंय. खंय पळान जाता?" आता त्याही तेच म्हणायला लागल्या होत्या.

आणि मग भाईंनी सांगितलं, "सव्वीसाक वाडीतल्या मंडळींका जेवूक बोलावलंय. दशावताराची तारीख ठरवूची आसा. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी. दुपारचा धरा."

"भाई, सव्वीसाक सिनेमा आसता," मी म्हटलं.

"सिनेमा आता केव्हाय आसता गो."

"बरा," सासूबाई म्हणाल्या आणि काळ्या वाटाण्यांचा डबा काढायला वळल्या.

तो 'बरा' माझ्या कानातून जाईना. ते तीन तास थांबवता येत नव्हते, म्हणून तर त्यांचे होते. आणि त्यांचे गेले की, समर्थला थोपटताना माझ्या मनात आलं, पुढे माझेही जाणार. मला तर अजून खुर्चीसुद्धा मिळालेली नाही.

"डिस्क हरवली तर?" मी अजयला सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मोबाईलात पण आसा. टीव्हीतय उतरवन ठेवलंय. तू काळजी करू नको," तो म्हणाला. फार प्रेमाने म्हणाला. त्यामुळे आणखीच अवघड झालं.

सव्वीसला सकाळी झेंडा झाला. दुपारी मंडळी येऊन ओटीवर बसली, अक्षया कागदी झेंडा घेऊन प्रत्येकाला पॉज करत फिरत होती आणि बिचारे थांबतही होते. आत सासूबाई वडे थापत होत्या. केसांत वेणी नव्हती. ते बघितलं आणि पाण्याचा तांब्या घेऊन मी बाहेर आले.

आमच्याकडे नवी वस्तू गाऱ्हाण्याशिवाय वापरात येत नाही. पंप असो, होडी असो, स्कूटर असो, देवापुढे नारळ ठेवून सांगायचं, म्हाराजा, हिच्यावर नजर ठेव. वाडीत गाऱ्हाणं घालायचा मान भाईंचा. आणि जे गाऱ्हाण्यात बोललं, ते पुरं होईपर्यंत त्यात कुणी मोडता घालायचा नाही. कुण्या एकाने पंपाच्या गाऱ्हाण्यात मोडता घातला होता, त्याच्या विहिरीत खाडीचं पाणी शिरलं, असं सगळे सांगतात. विहीर कुणाची ते मात्र कुणी सांगत नाही.

"भाई," तांब्या ठेवत मी म्हटलं, "ह्या नव्या टीव्हीचा गाऱ्हाणा घालूचा रवलाच मा ओ."

लवूने पेला खाली ठेवला.

"म्हणानच तो बुडत होतो," तो म्हणाला.

सगळ्या वाडीसमोर भाईंची पंचाईत झाली. त्यांनी टोपी घातली, टीव्हीपुढे नारळ ठेवला, मंडळी हात जोडून मागे उभी राहिली.

"बा देवा लक्ष्मीनारायणा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"आज तुझ्या लेकरान बोटीवरसून हो टीव्ही हाडलेलो आसा..."

"व्हय म्हाराजा."

"तर हेच्यावर आज जो काय सिनेमा लागतलो..." इथे भाई जरासे अडखळले. सिनेमाचं बोलायचं त्यांच्या मनात नसावं. पण गाऱ्हाण्याला आपला एक उतार असतो, जीभ त्यावर एकदा लागली की तळाशी जाऊनच थांबते. "तो सुरवातीपासून शेवटापर्यंत निर्विघ्न पार पडांदे..."

"व्हय म्हाराजा."

"आणि मधी जो कोण आडवो येयत, मगे तो घरचो आसांदे नायतर भायरचो, तेचो तू पुरतो बंदोबस्त कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मंडळी जोरात म्हणाली, कारण आता जेवण वाढतील अशी त्यांची समजूत होती.

नारळ फुटला. सासूबाई झारा घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी नारळाकडे बघितलं, भाईंकडे बघितलं. आत जाऊन गॅस बंद केला. मग पदराला हात पुसत त्या आल्या आणि खुर्चीत बसल्या.

"लाव," त्या अजयला म्हणाल्या.

अजयने सिनेमा लावला आणि रिमोट हळूच कोनाड्यात ठेवला, फणा काढलेल्या नागासारखा.

आता खरी कठीण गोष्ट सुरू झाली. या सिनेमात जाहिराती नव्हत्या. उठायला फटच नव्हती. मंडळी पोटात कावळे घेऊन दाटीवाटीने बसली. एकाला मागीलदारी जायचं होतं. लवू त्याच्या कानात म्हणाला, "जा, पण आडवो जाव नको," तेव्हा तो माणूस भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखा, बाजूबाजूने गेला. कुणाचा तरी फोन वाजला. तो तांदळाच्या पिंपात खुपसण्यात आला आणि बराच वेळ तांदूळ गाणं म्हणत होते.

समर्थ रडायला लागला. मी उठणार तोच सासूबाईंनी माझा पदर धरला. मूल रडलं तर ते आडवं येणं होतं की नाही, यावर मागे कुजबुज झाली. बंदोबस्ताच्या भीतीने भाईंनीच त्याला उचललं आणि स्वयंपाकघरात नेलं. पाठोपाठ लवू गेला, मग आणखी दोघं. थोड्या वेळाने वडे तळल्याचा वास आला. मग जळल्याचा. मग दारातून भाईंचा चेहरा दिसला, खांद्यावर समर्थ, कपाळाला पीठ. त्यांनी चिमटीने काहीतरी भुरभुरवल्याची खूण केली. मीठ कुठे आहे, असं ते विचारत होते. सासूबाईंना ते दिसत होतं. त्या सिनेमा बघत होत्या.

अक्षया पुढे येऊन टीव्हीला म्हणाली, "पॉज."

सिनेमा चालू राहिला. तिने आश्चर्याने आजीकडे बघितलं आणि मुकाट्याने तिच्या मांडीवर चढून बसली. कुणाचंही न ऐकणारी गोष्ट तिने पहिल्यांदाच बघितली असावी.

हत्तीण आली. सोंड उचलली. सासूबाईंचा हात माझ्या हाताकडे निघाला, आणि तो पोचायच्या आत हत्तिणीने माळ घालूनसुद्धा टाकली.

"इचार पण केल्यान नाय," सासूबाई हळूच म्हणाल्या. "टीव्हीवर केवढो इचार करी."

"जाहिरात नाय मा, आई."

"हां." त्यांचं काहीतरी खरंच गेलं होतं आणि त्याला इलाज नव्हता. हात मात्र त्यांनी मागे घेतला नाही.

सिनेमा संपला. मंडळींनी पाय मोकळे केले. भाई कपाळावरचं पीठ न पुसता दारातून म्हणाले, "झाला मा? आनंदी, आता मीठ खंय ता तरी सांग."

पण पडद्यावर खालून वर नावं यायला लागली होती. टीव्हीवर ही कधी दिसली नव्हती, तिथे सिनेमा संपला की लगेच बातम्या.

"हे कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"सिनेमा केलेली माणसां."

"इतकी? म्हणजे संपलो नाय अजून." त्यांनी मान वळवून भाईंकडे बघितलं. "तुमी शेवटापर्यंत म्हणालास."

भाई दारातच बसले. मंडळी उठलेली परत बसली. नावं इंग्रजीत होती, सासूबाईंना येत नाही, म्हणून मी वाचायला लागले. दिवे धरणारे. शिंपी. सुतार. हत्तिणीचा माहूत, त्याला त्यांनी मान हलवून दाद दिली. चहा देणाऱ्यांची नावंही होती.

"चाय करणाऱ्याचा पण नाव घालतत?"

"घालतत."

"वाच तर मगे."

नावं भराभर वर चालली होती, मी मागे पडत होते. सगळ्यात शेवटचं नाव वर गेलं, पडदा काळा झाला, आणि माझी अर्धीसुद्धा वाचून झाली नव्हती. मी थांबले नाही. काळ्या पडद्याकडे बघून मनानेच वाचत राहिले. सुतारांनंतर रंगारी, रंगाऱ्यांनंतर होडीवाले, मग वेण्या करणाऱ्या, मग त्यांच्या हाताखालच्या. अजयने एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मग तोही हात जोडून बसला. कुणीही हललं नाही.

माझी नावं संपत आली तशी मी जरा अडखळले. अक्षया झोपली होती. सासूबाईंनी तिला नीट मांडीवर घेतलं आणि पाय लांब केले.

"सावकाश वाच गो," त्या म्हणाल्या. "घाई नाय."